मौन म्हणजे संमती नव्हे

(जागतिक ग्राहक हक्क दिनानिमित्त कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर उमटलेले स्मित मी पाहिले. शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार, शिक्षणाचे खाजगीकरण असे विषय समोर असताना फोनवर येणाऱ्या नको त्या संदेशांवर पाऊण तास घालवावा, हे अनेकांना चैनीचे वाटले असेल. काही महिन्यांपूर्वीपर्यंत मलाही ते तसेच वाटत होते. माझे मत ज्यामुळे बदलले ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्या वस्तीत घरकाम करणाऱ्या एक बाई आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. शिक्षण चौथीपर्यंत, मराठी अक्षर लावून वाचतात, इंग्रजी नाही. त्यांच्याजवळ बटणांचा साधा फोन आहे. एके संध्याकाळी त्या तो घेऊन माझ्याकडे आल्या. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस फोनवर आलेला अंक विचारत होता आणि तो अंक काही केल्या त्यांना सापडत नव्हता. टाकी परत गेली होती. आम्ही दोघांनी बसून फोनमधील संदेश एकेक करून पाहिले. कर्ज मंजूर झाल्याचे, भूखंड विकत घेण्याचे, रमी खेळण्याचे, कुठल्याशा खाजगी महाविद्यालयात अभियांत्रिकीला प्रवेश घेण्याचे, केस उगवण्याचे. पासष्ट संदेशांमध्ये त्यांच्या उपयोगाचे चार निघाले. त्यातला एक बँकेचा होता आणि तो महिनाभर न वाचता पडून होता. सगळे पाहून झाल्यावर बाईंनी मला विचारले, “भाऊ, ह्यातला खरा कुठला ते कसं वळखायचं?”

मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. आजचे माझे बोलणे त्या प्रश्नाभोवतीच फिरणार आहे.

आपल्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांना आठवत असेल, की भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी हे यंत्र धनिकांचे होते, आणि त्याची एक गंमत अशी की दुसऱ्याने आपल्याला फोन केला तरी पैसे आपल्याला पडत. ही व्यवस्था २००३ मध्ये संपली; येणारा कॉल फुकट झाला आणि मोबाइल गरिबाच्या खिशापर्यंत पोहोचला. ही फार मोठी आणि चांगली घटना होती, याबद्दल कोणाचे दुमत असू नये. परंतु त्याच वेळी एक दुसरी गोष्ट घडली. येणाऱ्या कॉलचे आणि संदेशाचे पैसे पडत नाहीत, म्हणजे त्याची किंमतच पडत नाही, असा समज रूढ झाला. संदेश पाठविणाऱ्यास काही पैसे मोजावे लागतात. घेणाऱ्यास जे मोजावे लागते त्याची नोंद कुठल्याच हिशेबवहीत होत नाही. भर दुपारी रिक्षा चालवताना फोन वाजला म्हणून बाजूला घेतलेली रिक्षा, रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाची मोडलेली झोप, आणि आमच्या या बाईंची परत गेलेली टाकी, हे सारे त्या नोंद न झालेल्या खर्चात येते. कारखान्याने धूर सोडावा आणि खोकला शेजारच्या वस्तीला व्हावा, त्यातलाच हा प्रकार आहे.

आता कायद्याकडे वळू. या उपद्रवाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहितयाचिका झाली ती २००५ मध्ये. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्याला आपण ट्राय म्हणून ओळखतो, जून २००७ मध्ये पहिले विनियम केले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘नॅशनल डू नॉट कॉल रजिस्ट्री’ नावाची नोंदवही उघडली. ज्याला व्यापारी फोन आणि संदेश नको असतील त्याने आपला क्रमांक त्या वहीत नोंदवावा, अशी ती योजना. नोंदविल्यानंतर ती अमलात येण्यास पंचेचाळीस दिवस लागत. आणि इतके करून कोणी त्रास दिलाच, तर पहिल्या आगळिकीला पाचशे रुपये!

दंडाची रक्कम हास्यास्पद होती, हे उघड आहे. पण माझा मुख्य आक्षेप दंडावर नाही. नोंदवहीमागे जे गृहीत होते त्यावर आहे. ज्याने ‘नको’ म्हटले नाही त्याला ‘हवे’ आहे, असे ते गृहीत होते. हे काही अपरिहार्य नव्हते. युरोपीय संघाने २००२ सालीच आपल्या निर्देशात याच्या उलट तत्त्व स्वीकारले होते: आधी संमती, मग संदेश. म्हणजे आपल्यासमोर पाच वर्षे अगोदरचे उदाहरण होते, आणि तरी आपण दुसरा रस्ता धरला. का धरला? कारण पहिल्या रस्त्याने गेल्यास व्यापाऱ्याला प्रत्येक माणसाच्या दारात जाऊन परवानगी मागावी लागली असती, आणि दुसऱ्या रस्त्याने गेल्यास प्रत्येक माणसाने उठून नकार नोंदवायचा असतो. नकार नोंदविण्याचे श्रम कोण करू शकतो? ज्याला नोंदवहीची माहिती आहे, इंग्रजी येते, आणि वेळ आहे तो. सातबाराच्या उताऱ्यावर हरकत घेण्याची मुदत कशी गुपचूप टळून जाते, हे आपल्यातील शेतकरी कार्यकर्त्यांना मी सांगायला नको. हरकत घेतली नाही म्हणजे मान्य आहे, ही सरकारी भाषा आपल्या परिचयाची आहे. तीच भाषा येथे बाजाराने उचलली.

२०१० साली ट्रायने नवे विनियम काढले आणि ते २७ सप्टेंबर २०११ पासून लागू झाले. ते पहिल्यापेक्षा पुष्कळच बरे होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९०९ हा एक क्रमांक सगळ्यांसाठी ठरला. नोंदणीची मुदत पंचेचाळीस दिवसांवरून सात दिवसांवर आली. रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळात व्यापारी संदेश बंद झाले. दंड पंचवीस हजारांपासून सुरू होऊन अडीच लाखांपर्यंत गेला, आणि वारंवार गुन्हा करणाऱ्याला काळ्या यादीत टाकण्याची तरतूद झाली. याच सुमारास एका सिमकार्डावरून दिवसाला किती संदेश पाठवता येतील यावरही मर्यादा आली. आधी शंभर, मग दोनशे. ही मर्यादा मात्र विक्रेत्यांबरोबर सामान्य माणसालाही लागू होत होती. जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खाजगी संदेशांपुरती ती रद्द ठरविली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. सभेची सूचना दोनशे लोकांना पाठविणारा कार्यकर्ता आणि भूखंड विकणारा दलाल यांना एकाच मापाने मोजणे हा आळशी कायदा होता.

पण नियम झाले म्हणजे पळवाटाही झाल्या. विक्रीचा संदेश ‘व्यवहाराचा’ म्हणून पाठवू लागले. कारण बँकेचा, तिकिटाचा, हप्त्याचा संदेश नोंदवहीत नाव असलेल्यालाही जातो. नोंदणीकृत टेलिमार्केटरवर बंधने आली तेव्हा अनोंदणीकृत वाढले. साधे दहा आकडी सिम घ्यायचे, त्यावरून काही दिवस मारा करायचा, ते बंद पडले की दुसरे घ्यायचे. आणि आणखी एक प्रकार होता, ज्यात संदेश पाठविणारी आणि पैसे कापणारी संस्था एकच असे. क्रिकेटचा धावफलक, भविष्य, विनोद, कॉलर ट्यून, अशा ‘मूल्यवर्धित’ सेवा न मागता सुरू होत आणि गरिबाच्या शिलकीतून दर महिन्याला वीस-तीस रुपये गळत. पन्नास रुपयांचे रिचार्ज करणाऱ्या माणसाला त्यातले तीस कुठे गेले हे कळत नसे. ट्रायला २०११ आणि २०१३ मध्ये स्वतंत्र आदेश काढून ग्राहकाकडून दुहेरी खात्री करून घेणे सक्तीचे करावे लागले. मूल्य कोणाच्या खात्यात वर्धित होत होते, ते आपण समजलाच असाल.

१९ जुलै २०१८ रोजी तिसरी नियमावली आली. तिची कल्पना महत्त्वाकांक्षी होती. ज्याला व्यापारी संदेश पाठवायचा आहे त्याने आधी स्वतःची नोंदणी करायची, आपले प्रेषकनाम नोंदवायचे, संदेशाचा साचा नोंदवायचा, आणि ग्राहकाची संमतीही नोंदवायची. सर्व दूरसंचार कंपन्यांनी मिळून एक अशी सामायिक नोंदवही ठेवायची की जिच्यात मागाहून गुपचूप खाडाखोड करता येऊ नये. संदेश निघाला की यंत्राने तो त्या नोंदींशी ताडून पाहायचा. जुळला तर पुढे, नाही तर तिथेच अडवायचा.

ही व्यवस्था पूर्णपणे लागू झाली तो दिवस ८ मार्च २०२१. त्या दिवशी काय झाले ते आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. देशभर लोकांचे ओटीपी येईनात. बँकेचे व्यवहार अडले, आधारची पडताळणी अडली, लसीकरणाची नोंदणी अडली. आणि तो लसीकरणाच्या सुरुवातीचा काळ होता. कारण असे की संदेश पाठविणाऱ्या कितीतरी संस्थांनी, त्यात मोठ्या बँकाही आल्या, आपले साचे वेळेत वा नीट नोंदविलेच नव्हते. नियम २०१८ चा, अंमलबजावणी २०२१ ची. मध्ये अडीच वर्षांहून अधिक काळ गेला होता. दुसऱ्या दिवशी ट्रायने ही तपासणी सात दिवसांसाठी स्थगित केली. म्हणजे कुचराई ज्यांनी केली त्यांना मुदत मिळाली आणि ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांचा दिवस गेला.

मी त्या दिवसाचा उल्लेख ट्रायची चेष्टा करण्यासाठी करीत नाही. त्या दिवशी एक गोष्ट लख्ख दिसली, की हा लघुसंदेश आता गप्पाटप्पांचे साधन राहिलेला नाही. आपण एकमेकांना निरोप धाडायला दुसरी माध्यमे वापरू लागलो, आणि एसएमएस मात्र राज्यसंस्थेचा व बँकेचा मार्ग बनला. पेन्शन, शिष्यवृत्ती, गॅस, पीकविमा, रेल्वेचे तिकीट, सगळे त्या वाटेने येते. देशात शंभर कोटींहून अधिक मोबाइल जोडण्या आहेत आणि त्या प्रत्येकीच्या मागे असलेल्या माणसाला सरकारने सांगून ठेवले आहे, की तुझी ओळख या क्रमांकावर सिद्ध होईल. अशा रस्त्यावर जाहिरातदारांनी हातगाड्या लावल्या, तर ती गैरसोय एवढ्यावर थांबत नाही. रुग्णवाहिकाही त्याच रस्त्याने यायची असते.

आणि त्याच गर्दीत चोर शिरतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांना संदेश आले, की तुमचे मागील बिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल, अमुक क्रमांकावर संपर्क करा. महावितरणला जाहीर निवेदने काढून सांगावे लागले, की हे संदेश आमचे नव्हेत. पुष्कळांनी फोन केला आणि खात्यातील पैसे घालवले. त्यांना भोळे म्हणणे सोपे आहे. पण विचार करा, वर्षानुवर्षे ज्या माणसाला अनोळखी प्रेषकांकडून, अर्धवट इंग्रजीत, ‘आजच’, ‘ताबडतोब’, ‘अखेरची संधी’ अशा भाषेत संदेश घेण्याची सवय लावली गेली, त्याला ही भाषा वेगळी कशी वाटावी? कर्ज विकणारी प्रतिष्ठित बँक आणि कर्जाच्या नावाने लुबाडणारा भामटा यांचे संदेश शेजारी ठेवून पाहा. ‘लाडकी बहीण’ योजनेतील दरमहा १५०० रुपयांसाठी २०२५ मध्ये ई-केवायसी आवश्यक केली, तेव्हाही त्याच नावाची खोटी संकेतस्थळे निघाली. जिला ते पंधराशे रुपये लागतात ती बाई दुवा उघडणारच. न उघडण्याची चैन तिला परवडत नाही.

यानंतर नियम बरेच कडक झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने अनोंदणीकृत टेलिमार्केटरांच्या जोडण्या तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचा आदेश दिला. १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदविलेले नसलेले दुवे असणारे संदेश अडविण्यात येऊ लागले. डिसेंबरपासून संदेशाची साखळी, म्हणजे तो मूळ कोणाकडून निघून कोणाकोणाच्या हातून आला हे, शोधता येणे बंधनकारक झाले. १२ फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेली. अनोंदणीकृत प्रेषकाविरुद्ध कारवाईसाठी तीस दिवसांऐवजी पाच दिवस ठेवले. अशा प्रेषकाविरुद्ध तक्रार करण्यासाठी आधी आपली नापसंती नोंदविलेली असण्याची अटही काढून टाकली. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी झाल्याशिवाय कारवाई होत नसे, आता दहा दिवसांत पाच पुरतात. दूरसंचार कंपन्यांनाही दोन लाख, पाच लाख, दहा लाख असा चढता दंड ठरला, अर्थात तो स्पॅमची चुकीची आकडेवारी कळविल्याबद्दल.

याच दुरुस्तीत प्रेषकनामाच्या शेवटी एक अक्षर जोडण्याची सोय झाली. जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारीला जी. कल्पना उत्तम आहे. आमच्या बाईंच्या प्रश्नाचे ते जवळजवळ उत्तरच आहे. एवढेच, की ही चारही अक्षरे इंग्रजी आहेत! ज्या व्यक्तीला ओळखण्याची सर्वांत अधिक गरज आहे तिला ती वाचता येत नाहीत. घरी जाऊन मी त्यांना कागदावर ती चार अक्षरे काढून दिली आणि फोनच्या मागे चिकटवली. एका बाईंसाठी हे करता येते. कोट्यवधींसाठी ते यंत्रानेच करायला हवे, आणि ज्या यंत्राला माणसाची जन्मतारीख, आवडीनिवडी आणि कर्जाची ऐपत कळते त्याला त्याची भाषा कळू नये, हे मला पटत नाही.

इथे कोणी विचारील, की या लोकांना आपला क्रमांक मिळतोच कुठून? आपणच देतो. औषधाच्या दुकानात, कपड्याच्या दुकानात बिल करताना मुलगी सहज म्हणते, “नंबर सांगा.” आपणही सहज सांगतो. बारावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बापाला निकालाआधीच महाविद्यालयांचे संदेश येऊ लागतात, तेव्हा त्याचा क्रमांक कोणत्या तरी अर्जावरून निघालेला असतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना बजावले, की मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय वस्तू देणार नाही अशी अट घालणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे किती दुकानदारांना ठाऊक आहे? किती ग्राहकांना? गेल्या महिन्यात मी एका दुकानात क्रमांक देण्याचे नाकारले, तर यंत्र बिलच काढीना. अखेर त्या मुलीने शून्ये टाकून बिल काढले आणि हळूच म्हणाली, “सगळ्यांचं घ्यायचं असं सांगितलंय, काका.” तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. जाता जाता हेही सांगतो, की विक्रीचा फोन करणारी मुलेमुली आपल्याच घरांतली आहेत, दिवसाला ठरावीक कॉल पूर्ण केले नाहीत तर ज्यांचा पगार कापतात अशी. त्यांना शिव्या देऊन आपण फोन ठेवतो, तेव्हा आपण कोणावर शौर्य गाजवतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरील मुख्य कर्तव्यांना तेथून पुढे अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. कायद्यात संमती आहे, अडीचशे कोटींपर्यंत दंडही आहे. पण त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मधील सार्वजनिक हिताची अट काढून टाकली, आणि सरकारला स्वतःच्या संस्थांना सूट देण्याचे अधिकार दिले. नागरिकाची माहिती व्यापाऱ्यापासून वाचविण्याच्या नावाखाली अधिकाऱ्याची माहिती नागरिकापासून वाचविली गेली. आपल्या माहिती अधिकारातील साथींनी हे वेळीच सांगितले होते. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही.

असाच दुसरा प्रकार नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस घडला. फसवणूक रोखण्यासाठी म्हणून दूरसंचार विभागाने फोन बनविणाऱ्यांना आदेश दिला, की प्रत्येक नव्या फोनवर ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीपासून घातलेले असावे. आरडाओरडा झाल्यावर ३ डिसेंबरला तो मागे घेतला. ते ॲप निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. हरवलेला फोन बंद करण्यासाठी, आपल्या नावावर किती सिम आहेत हे पाहण्यासाठी ते मी स्वतः वापरतो. पण मी ते घेतले आणि माझ्यावर ते लादले यात फरक आहे. आपण इतका वेळ विक्रेत्याच्या बाबतीत जे म्हणत आलो, की आधी विचारा, तेच सरकारलाही लागू आहे. लोक स्पॅमला इतके कंटाळले आहेत, की त्यापासून सोडविण्याच्या बदल्यात ते काहीही द्यायला तयार होतील. कितीतरी जणांनी अनोळखी क्रमांकाचे नाव दाखविणारी परदेशी ॲप घेऊन आपल्या फोनमधील साऱ्या आप्तेष्टांचे क्रमांक त्यांच्या हवाली केलेच आहेत. हा कंटाळा हेच मला धोक्याचे वाटते.

मग ग्राहकाने करावे काय? महाराष्ट्राला या चळवळीचा वारसा आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याआधीची ही गोष्ट आहे. तरीही दूरध्वनीच्या बाबतीत ग्राहकाचा दरवाजा बरीच वर्षे बंद होता. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील कलम ७ब मध्ये लवादाची तरतूद आहे, म्हणून ग्राहक मंचाकडे जाता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला होता. राणीच्या राज्यात झालेला, तारेच्या कडकट्टासाठी केलेला कायदा मोबाइलच्या ग्राहकाला आडवा आला. हा अडथळा १६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच न्यायालयाने दूर केला आणि दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, असे स्पष्ट केले. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात तर सेवेच्या व्याख्येतच दूरसंचार आले आहे. आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही. आणि समान तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांना एकत्र येऊनही जाता येते. या शेवटच्या सोयीकडे मी आपले लक्ष वेधतो. एका संदेशाची नुकसानभरपाई मागायला कोणी न्यायालयात जाणार नाही. एका वस्तीतील दोनशे जणांनी तारीखवार संदेश, १९०९ वर केलेल्या तक्रारी आणि त्यांना मिळालेली उत्तरे जमवली, तर कंपनीच्या वकिलाला ते सहज उडवून लावता येणार नाही.

आणि आपण मागणी काय करायची? माझ्या मनात दोन गोष्टी आहेत. एक, व्यापारी संदेशाला आधी संमती, तीही ग्राहकाच्या भाषेत विचारलेली आणि एका बटणाने मागे घेता येणारी. २०१८ च्या नियमावलीत संमतीच्या नोंदीची तरतूद आहेच. पण ती पसंती न नोंदविलेल्या ग्राहकाला वाचवीत नाही. दुसरी, दंडाचा वाटा ज्याला त्रास झाला त्याला मिळावा. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशाने १९९१ च्या कायद्यात ग्राहकाला प्रत्येक बेकायदा कॉलमागे पाचशे डॉलर, आणि जाणूनबुजून केले असल्यास त्याच्या तिप्पट, न्यायालयातून मागण्याचा हक्क दिला. त्यातून वकिलांचाही धंदा झाला, हे खरे. पण आपल्याकडे दंड झालाच तर तो नियामकाकडे जातो, कंपन्या लवादापुढे त्याला आव्हान देतात, आणि ज्याची झोप मोडली त्याच्या हाती ‘तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा आणखी एक संदेश येतो. तक्रार खरी ठरल्यास त्याच्या फोनमध्ये पन्नास रुपयांचे रिचार्ज जमा करा. तक्रारींची संख्या किती वाढते आणि संदेशांची किती घटते ते महिन्याभरात दिसेल.

दूरसंचार कंपन्यांचे म्हणणे असे, की सगळी बंधने आमच्यावर आणि व्हॉट्सॲपसारख्या माध्यमांवर काहीच नाही. जाहिरातदार तिकडे पळतात. या म्हणण्यात तथ्य आहे आणि स्वार्थही आहे. ट्रायचे हे विनियम त्या माध्यमांना लागू होत नाहीत, ही मोठी उणीव आहेच. ती भरून काढावी. तिचा आधार घेऊन एसएमएसची बंधने सैल करू नयेत.

आता शेवटचा मुद्दा. तो बाहेरच्यांसंबंधी नाही, म्हणून थोडा अवघड आहे. मार्च २०२४ मध्ये, निवडणुका जाहीर झाल्यानंतर, पंतप्रधानांच्या पत्रासह ‘विकसित भारत संपर्क’चे संदेश लोकांच्या व्हॉट्सॲपवर आले. ते परदेशात राहणाऱ्यांनाही, भारतीय नसलेल्या काहींनाही गेले. निवडणूक आयोगाने २१ मार्चला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला ते थांबविण्यास सांगितले. आपण त्यावर कडाडून टीका केली आणि ती योग्य होती. सरकारी योजनांच्या नोंदीतले क्रमांक प्रचाराला वापरले गेले काय, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

पण त्याच निवडणुकीत एक गृहस्थ आमच्याही कार्यालयात आले होते. त्यांच्याजवळ प्रभागवार याद्या होत्या, नाव, वय, पत्ता आणि मोबाइल क्रमांक अशा. काही याद्यांत जातही होती. दर माणशी काही पैसे. याद्या कुठून आणल्या असे विचारल्यावर ते नुसते हसले. आम्ही घेतल्या नाहीत, असे मला आपल्याला छातीठोकपणे सांगता आले असते तर बरे झाले असते. खरे असे आहे, की त्यावर दोन तास चर्चा झाली. समोरचे सगळे घेतात, आपण मागे पडू, आपला संदेश तर चांगल्या कामाचा आहे, असे मुद्दे मांडणारे आमच्यातले उत्तम कार्यकर्ते होते. शेवटी यादी घ्यायची नाही असे ठरले, पण ते अवघ्या एका मताच्या फरकाने. आणि सदस्यनोंदणीच्या अर्जावर जे क्रमांक लोकांनी पक्षाला विश्वासाने दिले होते, ते एका उमेदवाराच्या प्रचारासाठी न विचारता वापरले गेलेच. त्याबद्दल आम्हांला एका जुन्या सदस्याचे पोस्टकार्ड आले. फोन करून भांडण्याऐवजी त्यांनी पोस्टकार्ड लिहिले होते.

म्हणून या अभ्यासवर्गाच्या अखेरीस मी एक ठराव मांडणार आहे आणि त्याची प्रत आपल्या हाती आत्ताच देत आहे. पक्षाच्या सदस्यनोंदणीच्या अर्जावर, क्रमांकाच्या रकान्याखाली, मराठीत दोन चौकोन छापावेत: सभांच्या सूचना हव्यात काय, आणि प्रचाराचे संदेश हवेत काय. जो चौकोन रिकामा राहील त्याचा अर्थ ‘नाही’ असा धरावा. जुन्या सदस्यांना एकेकाला विचारून हे चौकोन भरून घ्यावेत. त्याला तीन-चार महिने लागतील. विकत मिळणारी यादी कोणत्याही शाखेने घेऊ नये. ठरावावर आक्षेप असणाऱ्यांनी उद्या सकाळच्या सत्रात बोलावे; आणि शक्य असेल त्यांनी दुपारच्या सुट्टीत आपले फोन घेऊन बाहेरच्या टेबलाशी यावे, तिथे १९०९ वर तक्रार कशी करावयाची ते आपल्या दोन तरुण साथी दाखविणार आहेत. माझ्या शेजारच्या त्या बाईही उद्या येणार आहेत. त्यांच्या फोनमध्ये कालपासून नऊ संदेश जमले आहेत, त्यांपासूनच सुरुवात करू.